बहुखाते संगणकावरील सामायिक क्लाउड फोल्डर

बहुखाते संगणकावरील सामायिक क्लाउड फोल्डर म्हणजे एकाच संगणकावर स्वतंत्र खाती असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती मिळून वापरतात आणि जो आंतरजालावरील साठवण सेवेशी सतत जुळवून ठेवला जातो, असा फोल्डर होय. घरातील एकच संगणक आईवडील आणि मुले वापरत असतील, किंवा शाळेच्या कार्यालयातील एकाच यंत्रावर मुख्याध्यापक, लिपिक आणि शिक्षक आळीपाळीने काम करत असतील, तेथे अशा फोल्डरची गरज भासते. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ड्राइव्ह या त्यासाठी प्रचलित असलेल्या सेवा आहेत.

या मांडणीत फाइल न उघडणे, एकाच फाइलीच्या दोन प्रती होणे, एकाने केलेले बदल दुसऱ्याला न दिसणे आणि क्वचित मजकूर कायमचा नष्ट होणे असे दोष आढळतात. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच असते. क्लाउड सेवांची जुळवणी करणारी आज्ञावली ही एका व्यक्तीच्या अनेक यंत्रांसाठी रचलेली आहे. येथे मात्र यंत्र एक आणि व्यक्ती अनेक असतात. म्हणून संगणकावरील फोल्डर वाटून घेण्याऐवजी तो सेवेच्या पातळीवर वाटून घेणे, हा या दोषांवरील सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो.

## संज्ञा

'खाते' हा शब्द या विषयात दोन भिन्न अर्थांनी येतो आणि बराचसा गोंधळ त्यातूनच निर्माण होतो.

संगणक खाते हे संगणकाच्या संचालन प्रणालीने ओळखलेले खाते असते. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी नावे दिसतात, ती ही खाती होत. प्रत्येक संगणक खात्याला स्वतःचा डेस्कटॉप, स्वतःचे दस्तऐवजांचे फोल्डर आणि स्वतःच्या परवानग्या असतात.

सेवा खाते हे क्लाउड सेवेने दिलेले खाते असते. ते ईमेल पत्ता आणि पासवर्ड यांनी ओळखले जाते आणि कोणत्याही संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून वापरता येते.

एका संगणक खात्यातून एक किंवा अधिक सेवा खाती वापरता येतात. तसेच एकच सेवा खाते अनेक संगणक खात्यांत उघडता येते. दोष शोधताना तक्रार कोणत्या खात्याविषयी आहे, हे प्रथम ठरवावे लागते. 'मला परवानगी नाही' हा संदेश संचालन प्रणालीचा असेल तर त्याचा उपाय संगणकावर असतो. सेवेचा असेल तर तो ज्याने फोल्डर सामायिक केला त्या व्यक्तीकडे असतो.

दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवण्याच्या क्रियेला समक्रमण किंवा प्रचलित बोलीत 'सिंक' म्हणतात. हे काम करणाऱ्या, संगणकावर पार्श्वभूमीत चालणाऱ्या आज्ञावलीला या लेखात समक्रमक म्हटले आहे.

## पार्श्वभूमी

एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. तीत एकाच मोठ्या संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत विभागला जात असे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कामास आरंभ केला. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. मालक, गट आणि इतर सर्व अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या वेगवेगळ्या ठरवता येतात. लिनक्स आणि मॅकओएस या प्रणालींत हीच चौकट आजही आहे. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही फाइल व्यवस्था आणली. तीत प्रत्येक फाइलीसोबत कोणाला काय करता येईल याची तपशीलवार यादी जोडलेली असते. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आणि युनिक्सवर आधारित मॅक ओएस टेन या प्रणाली आल्यावर ही व्यवस्था घरोघरच्या संगणकांत पोहोचली.

समक्रमणाचा विचार दुसऱ्या दिशेने वाढला. कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली १९८७ पासून कोडा नावाची फाइल व्यवस्था विकसित करण्यात आली. जाळ्याशी जोडणी तुटली तरी काम चालू राहावे आणि ती पुन्हा झाल्यावर दोन्हीकडचे बदल जुळवले जावेत, हा तिचा हेतू होता. दोन बदल परस्परविरोधी असतील तर काय करावे, हा आजही भेडसावणारा प्रश्न त्या संशोधनात स्पष्टपणे मांडला गेला. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक ही आज्ञावली प्रसिद्ध केली. फाइलीचा केवळ बदललेला भाग पाठवण्याची तिची रीत पुढे सर्वत्र रुजली.

ड्र्यू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनी स्थापन केली आणि २००८ मध्ये तिची सेवा सर्वांसाठी खुली झाली. आपला यूएसबी ड्राइव्ह वारंवार विसरत असल्यामुळे ही कल्पना सुचल्याचे ह्यूस्टन यांनी सांगितले आहे. मायक्रोसॉफ्टची सेवा २००७ मध्ये सुरू झाली. स्कायड्राइव्ह हे तिचे नाव ब्रिटनमधील व्यापारचिन्हाच्या वादानंतर २०१४ मध्ये वनड्राइव्ह असे बदलण्यात आले. ॲपलची आयक्लाउड सेवा २०११ मध्ये आणि गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आली. आपल्या फाइली आपल्या सर्व यंत्रांवर मिळाव्यात, ही एकट्या माणसाची गरज या सेवांच्या मुळाशी होती. फोल्डर दुसऱ्याशी सामायिक करण्याची सोय त्यांत आहे. परंतु ती दोन सेवा खात्यांमधली सोय आहे, एकाच संगणकावरील दोन संगणक खात्यांमधली नव्हे.

## समक्रमकाची कार्यपद्धती

समक्रमक एका ठरावीक फोल्डरवर लक्ष ठेवतो. त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइलीचे नाव, आकार, बदलाची वेळ आणि मजकुराचा गणिती ठसा यांची नोंद तो आपल्या खासगी नोंदवहीत करतो. ही नोंदवही त्या संगणक खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. संगणकावरील फाइल, सेवेच्या सर्व्हरवरील फाइल आणि नोंदवहीतील शेवटची नोंद या तिन्हींची तुलना करून समक्रमक निर्णय घेतो. नोंदीत आहे पण संगणकावर नाही, तर ती फाइल पुसली गेली असे तो मानतो आणि सर्व्हरवरूनही काढून टाकतो. संगणकावर आहे पण नोंदीत नाही, तर ती नवीन मानून वर चढवतो. नोंदीनंतर दोन्हीकडे बदल झाले असतील, तर दोन्ही प्रती राखून ठेवतो. मोठ्या फाइलींचे तुकडे करण्याची रीतही आहे; ड्रॉपबॉक्समध्ये असा तुकडा ४ मेगाबाइटचा असतो, त्यामुळे लहान दुरुस्तीसाठी संपूर्ण फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही.

या पद्धतीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, समक्रमक हा ज्या संगणक खात्यातून सुरू झाला त्याच्याच अधिकाराने चालतो. त्या खात्याला जी फाइल वाचता येत नाही, ती त्यालाही वाचता येत नाही. दुसरी, ते खाते साइन आउट झाले की समक्रमकही थांबतो. तिसरी, नोंदवही प्रत्येक संगणक खात्याची वेगळी असते. दोन खात्यांतील दोन समक्रमक एकाच फोल्डरवर बसवले, तर एकाच दुकानाच्या दोन स्वतंत्र खतावण्या दोन मुनिमांनी परस्परांना न विचारता लिहाव्यात, तशी स्थिती होते.

## सामायिक करण्याच्या पद्धती

### एकच स्थानिक फोल्डर, दोन समक्रमक

विंडोजमधील 'पब्लिक' किंवा मॅकवरील 'शेअर्ड' या सर्वांसाठी असलेल्या फोल्डरमध्ये क्लाउड फोल्डर ठेवून दोन्ही संगणक खात्यांतील समक्रमक त्याकडे वळवणे, ही पद्धत वरवर सोयीची दिसते. तीत डिस्कवर फाइलींची एकच प्रत राहते. मात्र एका समक्रमकाने उतरवलेली फाइल दुसऱ्याला नवीन वाटू शकते, दोघेही तीच फाइल एकाच वेळी वर चढवू पाहतात आणि परवानग्यांचे प्रश्नही उभे राहतात. दोन्ही समक्रमकांत वेगवेगळी सेवा खाती असतील तर धोका वाढतो, कारण एकाच्या सर्व फाइली दुसऱ्याच्या सेवा खात्यात जातात आणि एकाने पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. अशी मांडणी टाळावी.

### एकच समक्रमक, सर्वांना प्रवेश

एका संगणक खात्यातच समक्रमक चालवून इतर खात्यांना त्या फोल्डरमध्ये वाचण्या-लिहिण्याची परवानगी देणे, ही दुसरी पद्धत होय. नोंदवही एकच असल्याने ती तुलनेने सुरक्षित असते. परंतु मुख्य खाते साइन इन नसेल तर इतरांनी जतन केलेले काम संगणकावरच पडून राहते. लिपिकाने सायंकाळी भरलेले हजेरीपत्रक मुख्याध्यापकांना घरी दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. शिवाय मॅकओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अनेक क्लाउड सेवांचे फोल्डर वापरकर्त्याच्या खासगी लायब्ररी फोल्डरमध्येच ठेवले जातात. त्यामुळे तेथे ही पद्धत व्यवहार्य राहत नाही.

### प्रत्येकाचे सेवा खाते आणि सेवेच्या पातळीवर सामायिक फोल्डर

प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र सेवा खाते, प्रत्येक संगणक खात्यात स्वतंत्र समक्रमक आणि स्वतंत्र स्थानिक फोल्डर, आणि त्यांतील एक फोल्डर सेवेच्या संकेतस्थळावरून एकमेकांशी सामायिक, अशी ही तिसरी पद्धत आहे. कोणी काय बदलले याची नोंद राहते आणि एखाद्याचा प्रवेश इतरांना धक्का न लावता काढून घेता येतो. एकाच डिस्कवर तीच फाइल प्रत्येकासाठी वेगळी साठवली जाते, हा तिचा मुख्य तोटा होय. 'मागणीनुसार फाइल' ही सोय वापरल्यास तो बराच कमी होतो.

सर्वांनी मिळून एकाच सेवा खात्याचा पासवर्ड वापरणे ही या पद्धतीची जागा घेऊ शकत नाही. त्यात बदल कोणी केला हे कळत नाही आणि पडताळणीचा संकेतांक एकाच व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर येतो. ती व्यक्ती बदलून गेल्यास किंवा निवृत्त झाल्यास संपूर्ण संस्थेचे दप्तर अडकून पडते.

## नेहमी आढळणारे दोष

### प्रवेश नाकारला जाणे

एका खात्याने तयार केलेली फाइल दुसऱ्याला दिसते, पण तीत बदल करता येत नाही. लिनक्स व मॅकवर नव्या फाइलीला सामान्यतः ६४४ ही परवानगी मिळते. मालकाने वाचावे व लिहावे, इतरांनी केवळ वाचावे, असा तिचा अर्थ होतो. दोन्ही खात्यांचा एक गट करून त्या गटाला लिहिण्याची परवानगी देणे आणि नव्या फाइलीही त्याच गटाच्या व्हाव्यात यासाठी फोल्डरवर गटवारशाची खूण लावणे, हा लिनक्सवरील उपाय आहे.

विंडोजवर एक वेगळी बाब लक्षात घ्यावी लागते. एनटीएफएस डिस्कच्या एकाच विभागात फाइल हलवली तर ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. नक्कल केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या स्वीकारते. म्हणूनच आपल्या खासगी दस्तऐवजांतून सामायिक फोल्डरमध्ये हलवलेली फाइल इतरांना उघडत नाही, पण तिची नक्कल मात्र उघडते.

### विरोधी प्रत

दोघांनी एकच फाइल जवळजवळ एकाच काळात बदलली, की समक्रमक दुसऱ्या बदलाची वेगळी प्रत करतो आणि तिच्या नावात व्यक्तीचे किंवा संगणकाचे नाव जोडतो. हा बिघाड नसून सावधगिरी आहे: कोणाचे काम टाकून द्यावे हे यंत्राला ठरवता येत नाही. अशी प्रत न वाचता पुसणे हे मजकूर गमावण्याचे सर्वांत सामान्य कारण असते. दोन्ही प्रती उघडून, ताडून, एक केल्यावरच दुसरी काढावी.

खाते बदलताना फाइल उघडीच राहणे हे विरोधी प्रतीचे एक नेहमीचे कारण आहे. साइन आउट न करता दुसऱ्या खात्यात जाण्याच्या सोयीमुळे पहिल्या खात्यातील तक्ता मागे उघडाच राहतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस अशा उघड्या फाइलीसाठी एक लपलेली तात्पुरती फाइल करते; मूळ फाइल बंद झाल्यावरही ती मागे राहिली तर 'फाइल दुसऱ्याने उघडली आहे' असा संदेश येत राहतो. आधी दुसऱ्या खात्यात खरोखरच फाइल उघडी आहे का, हे पाहावे.

### फाइल दिसते, पण उघडत नाही

जागा वाचवण्यासाठी अनेक सेवा संगणकावर फाइलीचे केवळ नाव आणि चिन्ह ठेवतात. मजकूर उघडताना उतरवला जातो. विंडोज १० मध्ये वनड्राइव्हची ही सोय २०१७ पासून आहे. अशी फाइल दुसऱ्या संगणक खात्यातून उघडू पाहिल्यास ती उतरवून देणारा समक्रमक तेथे चालू नसतो आणि 'क्लाउड फाइल पुरवणारी आज्ञावली चालू नाही' अशा आशयाचा संदेश येतो. मूळ खात्यात जाऊन ती फाइल 'या यंत्रावर नेहमी ठेवा' असे ठरवणे हा तात्पुरता उपाय होय.

### सामायिक केलेला फोल्डर संगणकावर न येणे

ब्राउझरमध्ये दिसणारा सामायिक फोल्डर संगणकावर आपोआप येईलच असे नाही. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह यांत त्याचा शॉर्टकट स्वतःच्या फाइलींत जोडावा लागतो. ड्रॉपबॉक्समध्ये निमंत्रण स्वीकारावे लागते. फोल्डर भलत्याच ईमेल पत्त्याशी सामायिक झाला असेल, तरीही हाच अनुभव येतो.

### दोघांचे डेस्कटॉप एकत्र होणे

वनड्राइव्ह आणि आयक्लाउड यांत डेस्कटॉप व दस्तऐवजांचे फोल्डरही क्लाउडमध्ये ठेवण्याची सोय आहे. घरातील दोन संगणक खात्यांत एकच सेवा खाते उघडले आणि ही सोय दोन्हीकडे चालू केली, की मुलांच्या फाइली पालकांच्या डेस्कटॉपवर आणि पालकांच्या मुलांच्या डेस्कटॉपवर दिसू लागतात. गोंधळून एकाने त्या 'नको असलेल्या' म्हणून पुसल्या, तर त्या दोघांच्याही जातात. येथे पुसण्याआधी ही सोय एका खात्यात बंद करणे आवश्यक असते.

### जागा संपणे

विनामूल्य जागेची मर्यादा सेवेनुसार बदलते: गूगलची १५ गिगाबाइट, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडची प्रत्येकी ५ गिगाबाइट, तर ड्रॉपबॉक्सची २ गिगाबाइट आहे. गूगलच्या मर्यादेत जीमेल आणि गूगल फोटोजही धरले जातात. म्हणून ईमेलच्या जोडपत्रांनी जागा भरली तरी ड्राइव्हवर नवी फाइल चढत नाही. सामायिक फोल्डरची जागा कोणाच्या खात्यात मोजली जाते, हेही महत्त्वाचे असते. गूगल ड्राइव्हवर ती फाइलीच्या मालकाच्या खात्यात मोजली जाते, तर ड्रॉपबॉक्सवर फोल्डरच्या प्रत्येक सदस्याच्या खात्यात. त्यामुळे ड्रॉपबॉक्समध्ये एका सदस्याची जागा भरली, की केवळ त्याचेच समक्रमण थांबते आणि इतरांना काहीच जाणवत नाही.

### फाइलींची नावे आणि देवनागरी

विंडोजवर फाइलीच्या नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह, प्रश्नचिन्ह, तारका आणि तिरकी रेघ यांसारखी चिन्हे चालत नाहीत. मॅकवर '१५/८ ध्वजवंदन' असे नाव देता येते, पण ती फाइल त्याच नावाने विंडोजवर उतरत नाही. विंडोजच्या परंपरागत नियमानुसार फोल्डरांच्या नावांसह संपूर्ण मार्गाची लांबी २६० चिन्हांच्या आत असावी लागते. एकात एक पुष्कळ फोल्डर करण्याच्या सवयीने ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

देवनागरी नावांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. युटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे असतात. 'विद्यार्थी' हा शब्द तीन अक्षरांचा दिसत असला तरी त्यात १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट असतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे सुमारे ८५ देवनागरी चिन्हे एवढीच आहे. विंडोजवर चालणारे लांबलचक नाव त्यामुळे तेथे नाकारले जाते.

दुसरी अडचण 'ऱ्या' व 'ऱ्ह' यांतील अर्ध्या रकाराची आहे. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकता येते, तसेच साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही टंकता येते. ऱ हे अक्षरदेखील एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवले जाऊ शकते. जुन्या मॅक संगणकांवरील एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था अशी अक्षरे विभागूनच साठवत असे. डोळ्यांना नाव एकच दिसते, पण समक्रमकाला त्या भिन्न फाइली वाटू शकतात. एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसत असतील आणि त्यांचे नाव 'ऱ'युक्त असेल, तर हे कारण तपासावे.

### एकसंध माहितीसाठ्याची हानी

हिशेब, ग्रंथालय किंवा ईमेल यांच्या अनेक आज्ञावली आपली सर्व माहिती एका मोठ्या फाइलीत ठेवतात आणि ती काम चालू असताना सतत बदलत असते. अशी फाइल समक्रमित फोल्डरमध्ये ठेवून दोन खात्यांतून उघडली, तर अर्धवट अवस्थेतील प्रत वर चढण्याचा धोका असतो आणि संपूर्ण साठा निकामी होऊ शकतो. विरोधी प्रतींचा मेळ हातानेही घालता येत नाही. अशा फाइली समक्रमणाबाहेर ठेवून, आज्ञावली बंद असताना त्यांची बॅकअप प्रत घेणे हाच मार्ग आहे.

## दोषनिवारणाचा क्रम

दोष आढळताच समक्रमक काढून पुन्हा बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. नोंदवही नव्याने तयार झाल्यामुळे त्याने कधी कधी काम होते; परंतु वर न चढलेले बदल तपासण्याआधी असे केल्यास नुकसान होऊ शकते. पुढील क्रम अधिक सुरक्षित ठरतो.

१. सर्व संगणक खात्यांत समक्रमण थांबवावे. प्रत्येक खात्यातील उघड्या फाइली बंद कराव्यात.

२. संगणकावर प्रत्यक्ष असलेल्या फाइलींची एक नक्कल बाह्य डिस्कवर घ्यावी. ही पायरी वगळू नये.

३. ब्राउझरमधून सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन फाइल तेथे आहे का, तिची शेवटची वेळ कोणती आणि जुन्या आवृत्त्या उपलब्ध आहेत का, हे पाहावे. फाइल तेथे नीट असेल तर दोष संगणकावरचा आहे. तेथेही नसेल तर तो सेवेच्या किंवा सामायिक करण्याच्या पातळीवरचा आहे.

४. प्रत्येक संगणक खात्यात कोणते सेवा खाते उघडले आहे आणि त्याचा स्थानिक फोल्डर कोठे आहे, हे कागदावर लिहून काढावे. दोन खात्यांचे उत्तर एकच फोल्डर असेल तर मूळ दोष सापडला असे समजावे.

५. डिस्कवरील आणि सेवेवरील शिल्लक जागा, संगणकाचे घड्याळ व तारीख, आणि फाइलींची नावे तपासावीत.

६. परवानग्या तपासाव्यात. सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकणे हा उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि खासगी फाइलीही उघड्या पडतात.

७. एका खात्यातच समक्रमण सुरू करून एखादी लहान चाचणी फाइल वर जाते व खाली येते का, ते पाहावे. नंतरच दुसरे खाते सुरू करावे.

फाइल पुसली गेली असल्यास सेवेची कचरापेटी प्रथम पाहावी. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हची वैयक्तिक खाती, आयक्लाउड ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सची विनामूल्य खाती यांत पुसलेली फाइल ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येते. ती आपल्या कचरापेटीत नसेल तर फाइलीच्या मालकाच्या खात्यातही शोध घ्यावा. संगणकाची स्वतःची कचरापेटी प्रत्येक संगणक खात्याची वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे.

## समक्रमण आणि बॅकअप यांतील भेद

समक्रमित फोल्डर म्हणजे बॅकअप, हा समज व्यापक असला तरी बरोबर नाही. समक्रमणाचे काम सर्व प्रती एकसारख्या ठेवणे हे आहे; त्यामुळे चूकही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचते. एका खात्यातून पुसलेला छायाचित्रांचा संग्रह, किंवा खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेल्या फाइली, थोड्याच वेळात सर्व यंत्रांवर तशाच होतात. बॅकअप प्रत याउलट मूळ फाइलीपासून अलग असते आणि मुद्दाम परत आणल्याखेरीज बदलत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा बॅकअपचा प्रचलित नियम आहे. समक्रमित फोल्डर त्यांतील एक प्रत ठरू शकतो, तिन्ही प्रतींची जागा घेऊ शकत नाही.

## गोपनीयता आणि मालकी

संगणकावरील व्यवस्थापक अधिकार असलेल्या खात्याला सामान्यतः इतर खात्यांच्या फाइलींपर्यंत पोहोचता येते. म्हणून वैद्यकीय अहवाल, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती एकाच संगणकावर असेल, तेव्हा वेगळे संगणक खाते एवढाच बंदोबस्त पुरेसा नसतो. दैनंदिन कामासाठी सर्वांनी साधी खाती वापरावीत आणि व्यवस्थापक खाते वेगळे ठेवावे, ही रीत इष्ट मानली जाते.

सामायिक फोल्डरमधील फाइलींची मालकी बहुधा त्या तयार करणाऱ्याच्या सेवा खात्याकडे राहते. ते खाते बंद केले गेले तर फाइली इतरांनाही मिळेनाशा होऊ शकतात. संस्थेतून एखादी व्यक्ती निवृत्त होताना किल्ल्या व दप्तर सोपवण्याबरोबरच फाइलींची मालकी हस्तांतरित करणे आणि त्यानंतरच खाते बंद करणे आवश्यक ठरते. कुटुंबातही एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर छायाचित्रे व कागदपत्रे याच कारणाने अडकतात. यासाठी गूगल आणि ॲपल यांनी खातेदाराला आपल्या हयातीतच विश्वासू व्यक्ती नेमून ठेवण्याची सोय दिली आहे.

## पर्याय

आंतरजालाची आवश्यकता नसेल आणि सर्वजण एकाच संगणकावर काम करत असतील, तर योग्य परवानग्यांचा साधा स्थानिक फोल्डर आणि नियमित बॅकअप एवढेही पुरते. एकाच इमारतीत अनेक संगणक असतील तर जाळ्याला जोडलेली साठवण पेटी उपयोगी पडते. स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे नेक्स्टक्लाउड आणि मध्यवर्ती सर्व्हरशिवाय यंत्रांना थेट जोडणारे सिंकथिंग ही मुक्त सॉफ्टवेअरेही उपलब्ध आहेत. एकाच वेळी अनेकांना लिहायचे असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे सामायिक दस्तऐवज अधिक योग्य ठरतात. त्यांत सर्वांचे बदल एकाच प्रतीत होत असल्यामुळे, जोडणी चालू असेपर्यंत विरोधी प्रत सहसा निर्माण होत नाही.

## हे सुद्धा पहा

* क्लाउड संगणन
* संचालन प्रणाली
* फाइल व्यवस्था
* युनिकोड
* देवनागरी